पेटीवरची उलटी गाठ

१

या, असे पुढे सरकून बसा. पाय अवघडले असतील तर खुशाल पसरा, पण कान मात्र इकडे असू द्या. एका पेटीची गोष्ट सांगायची आहे. पेटी लाकडी, साधी, आठ-दहा वर्षांच्या पोराला दोन्ही हातांनी कशीबशी उचलता येईल एवढी. इंग्लंडहून अख्खा समुद्र ओलांडून ती कॅनडात आली, आणि त्रेसष्ट वर्षांनी तिच्यातून चोरी झाली. चोरानं नेलं काय, तर देवाचं पुस्तक. आता देवाचं पुस्तक चोरणाऱ्याला पापी म्हणायचं की आणखी काही, ते सगळं ऐकून तुम्हीच ठरवा.

साल एकोणीसशे एकाहत्तर, ऑक्टोबरचा रविवार. लॉर्न मिल्स गावातल्या चर्चच्या सभागृहात व्हर्ना लॉक्रिज हातात कात्री घेऊन पेटीपुढं गुडघे टेकून बसली होती, आणि आतलं सामान दुसऱ्यांदा उपसत होती.

"हेस्टर," ती शेवटी म्हणाली, "अगं, गेलं. पुस्तक गेलं!"

हेस्टर ग्रीव्ह भजनमंडळाचा झगा अंगात घालता घालता धावत आली. "कोपऱ्यात बघितलंस?"

"एवढ्याशा पेटीला कोपरे असतात किती?"

पेटीत जुने बूट होते, विरलेला सदरा होता, लोकरीची टोपी होती. बायबल नव्हतं.

हेस्टर सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं गावच्या टेलिफोन केंद्रावर काढली होती. हाक ऐकली की माणूस ओळखायची तिची सवय नोकरी सुटली तरी सुटली नाही, आणि गेली चार वर्षं ती हरवलेली माणसं जोडायचं काम करत होती. पूर्वी इंग्लंडातल्या संस्था गरिबांची, पोरक्यांची मुलं जहाजात बसवून इकडे धाडायच्या. मुलगे शेतावर, मुली परक्यांच्या स्वयंपाकघरात. प्रत्येकाला एक पेटी, पेटीत नाव घातलेलं बायबल, आणि कोटावर टाचलेली चिठ्ठी, नाव काय आणि कुणाच्या दारी जायचं ते सांगणारी. भावंडं स्टेशनावर तुटायची ती तुटायचीच. हेस्टर कागद धुंडाळून त्यांचे धागे पुन्हा बांधत असे.

ही पेटी होती रूबेन हॅम्बली नावाच्या पोराची. उत्तरेकडच्या रडिक शेतावर दहाव्या वर्षी, एकोणीसशे दहाच्या हिवाळ्यात तो वारला. रडिकांच्या नातवाला महिन्यापूर्वी माळ्यावर ती सापडली, आणि हेस्टरच्या पत्रावरून रूबेनची बहीण आठशे मैलांवरून आली. केझाया तिचं नाव, सगळे केझीबाई म्हणत. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरनं बजावलं होतं की एवढा प्रवास हा शेवटचाच.

ती बाई पलीकडे चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली असेल, असं दोघी धरून चालल्या होत्या. आजची प्रार्थना भावाचं पुस्तक हातात धरून म्हणायची, एवढ्यासाठी.

"तिला सांगणार कोण?" व्हर्ना कुजबुजली.

"सांगितलंत की," दारातून आवाज आला. काठी टेकत केझीबाई उभ्या होत्या. "थकलंय ते काळीज, कान नव्हेत."

२

प्रार्थना झाली, भजनं झाली. हेस्टरचा सूर त्या दिवशी दोनदा घसरला. सगळे घरी गेल्यावर तिनं व्हर्नाला सभागृहातच धरून बसवलं.

"काल शनिवारच्या गावजेवणानंतर काय केलंस, सावकाश सांग."

"पुस्तक दिवसभर टेबलावर होतं, पहिलं पान उघडून. रूबेनचं नाव दिसेल असं. जेवणं आटोपली तसं मी ते पेटीत ठेवलं. कडी मोडलेली, म्हणून झाकणावरून दोर फिरवला आणि बांधला. शुक्रवारीच दुकानातून आणलाय, नवाकोरा."

"बांधलास कसा?"

"बुटाची नाडी बांधतात तसा. मला काय खलाशी समजतेस? आणि आज सकाळी बघते तर दोर हलता हलेना. नख मोडलं माझं. शेवटी कात्रीनं कापला."

दोराचे तुकडे जमिनीवर पडले होते. कात्री गाठीपासून वीतभर लांब चालली होती, त्यामुळे गाठ शाबूत होती. चपटी, घट्ट, सुबक. हेस्टरनं ती उचलून पर्समध्ये टाकली.

"पुस्तकात आणखी काही होतं?"

"नाव होतं. आणि पार शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीच्या रेघोट्या. पानं ओल लागून चिकटलेली, मी जोर केला नाही. पोरानं गिरगटलं असेल. मी तर कुणाला बोललेसुद्धा नाही. लोक म्हणायचे, देवाचं पुस्तक आणि त्यावर गिचमीड!"

सभागृहाला कुलूप नसे, गावात कुणाच्याच दाराला नसे. शनिवारी जेवायला चाळीस माणसं होती. पण चोरी झाल्यावर हेस्टरच्या डोळ्यांसमोर दोनच चेहरे आले, कारण जेवताना एक प्रसंग घडला होता. केझीबाई पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, भाऊ कसा गेला हो? त्या म्हणाल्या, "गोठ्यात. न्युमोनियानं. उशाला कुणी नव्हतं." आणि मग साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्या रूबेनला त्या शेतावर धाडण्यात ज्याचा हात होता ना, त्याला मी मरेपर्यंत क्षमा करायची नाही. देवानं केली तरी."

तेव्हा दोन माणसं ताट अर्धं टाकून उठली होती. एक ग्लेन रडिक, त्या शेतकऱ्याचा नातू. दुसरा चर्चचा राखणदार, म्हातारा एनॉक पेरिन.

ग्लेन अजून बाहेर त्याच्या ट्रकजवळ रेंगाळत होता. चाळिशीचा आडवा गडी, पण मान खाली.

"मावशी, मी नाही नेलं. शपथ घेतो."

"पण रात्री परत आलास. तुझ्या आईचं ॲपल पायचं भांडं आज इथं नाही."

"भांड्यासाठीच आलो होतो! पेटी बांधलेली होती. नाडीसारखी गाठ होती वर." तो थांबला. "खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं. आजोबांनी त्या पोराला गोठ्यात झोपवलं, हे गावभर झालं. आमच्या घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. आजोबा म्हातारपणी मात्र एकटेच बडबडायचे."

"काय बडबडायचे?"

"की पोर कामाचं नव्हतं. शहरातलं. घोड्याला एवढं भ्यायचं की तबेल्याच्या दारातच रडत उभं राहायचं. आणि तुझं कोण आहे रे, विचारलं की म्हणायचं, कुणी नाही. या जगात कुणी नाही." ग्लेननं बाहीनं नाक पुसलं. "आता ही बाई समोर उभी राहते आणि म्हणते मी बहीण. मला तिच्याकडे बघवत नाही, मावशी."

हेस्टर घरी निघाली. पाय चालत होते, पण मन एका जागी अडून बसलं होतं. जो पोरगा बहिणीचा हात सुटला म्हणून स्टेशनभर ओरडला होता, असं केझीबाईंनीच पत्रात लिहिलं होतं, तो वर्षभरात "मला कुणी नाही" कसा म्हणेल?

३

एनॉक पेरिन चर्चमागच्या आवारात लांब दांड्याच्या पंज्यानं पानं गोळा करत होता. एकाहत्तर वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. तोही संस्थेचंच पोर. आठव्या वर्षी गावच्या खोगीरवाल्याकडे आला, तिथंच शिकला, तिथंच दुकानाचा मालक झाला. पोरसवदा असतानाही गावातला अडेल घोडा त्याच्या हाती द्यायचे. हा कानात काहीतरी बोले आणि जनावर चालू लागे. बायको वारली, दोन मुली टोरांटोला. हेस्टरनं चार वर्षांत चारदा त्याला नातलग शोधायला मदत देऊ केली होती, आणि चारही वेळा त्यानं हसून मान हलवली होती.

"एनॉक, काल जेवणातून मधेच उठलास."

"बीन्स सोसत नाहीत आता."

"चाळीस वर्षं सोसले, आणि कालच बंड केलं?"

तो हसला नाही. पंजा ओढत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "त्या बाई... झोपल्या का नीट? रात्री खोकत होत्या."

"झोप कसली? भावाची एवढी एकच वस्तू राहिली होती. मंगळवारी ती घेऊन घरी जाणार होत्या. मरताना उशाला ठेवायची म्हणत होत्या."

पंजा थांबला. "पेन्सिलीनं गिरगटलेलं जुनं पुस्तक. त्यानं काय भाऊ परत येतो?"

"तुला आई-बहीण असती तर असं बोलला नसतास."

"मला कोण असणार? लंडनचं अनाथालय. आई-बाप पाहिले नाहीत. कागदावर तसंच आहे." मग पाठ फिरवूनच त्यानं विचारलं, "थडग्यावर दगड बसवणार म्हणे?"

"पाथरवट मंगळवारी सकाळी नाव कोरायला घेतोय. शेजारची जागा बाईंनी स्वतःसाठी घेऊन ठेवलीय. जिवंतपणी सापडला नाही, निदान मेल्यावर त्याच्याजवळ असेन, म्हणाल्या."

हेस्टर फाटकापर्यंत गेली आणि वळून बघितलं. म्हातारा झाडून लख्ख झालेल्या जागेवरच पुन्हा पुन्हा पंजा ओढत होता.

४

केझीबाई हेस्टरकडेच उतरल्या होत्या. सोमवारी सकाळी दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या.

"या गावात मी पूर्वी राहिलेय, ठाऊक आहे?" केझीबाई म्हणाल्या. "संस्थेनं मला आधी इथंच पाठवलं होतं. तीन आठवडे! घरच्या बाईला मी लोणी घुसळायला बुटकी पडले. तिनं परत धाडलं, नापसंत बूट परत करावेत तसं. मग पार पश्चिमेला."

"रूबेनला माहीत होतं, तुम्ही इथं येणार ते?"

"माझ्या कोटावरची चिठ्ठी मीच त्याला वाचून दाखवली होती. लॉर्न मिल्स. त्याच्याकडून दहादा म्हणून घेतलं." त्यांनी बशीत चहा ओतला. "वर्ष-दीड वर्षानं संस्थेचं पत्र आलं. तुझा भाऊ देवाघरी गेला. चार ओळी."

हेस्टरनं सहज विचारावं तसं विचारलं, "घोड्याला भ्यायचा का हो तो?"

केझीबाई खळखळून हसल्या. "रूबेन? अगं, आम्ही कालव्यावरची माणसं. आमचं घर म्हणजे मालाची नाव, आणि नाव ओढायला काठावरून चालणारा घोडा. चौथ्या वर्षापासून रूबेन त्या घोड्याबरोबर चालायचा. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली झोपायचा! त्याला आईची भीती वाटे, घोड्याची नव्हे."

हेस्टरनं कप खाली ठेवला. पर्समधून ती गाठ काढून टेबलावर ठेवली. "ही एकदा बघता का? पेटीवर होती."

केझीबाईंनी चष्मा नाकावर ओढला, आणि त्यांचा चेहरा मेणासारखा झाला.

"ही आमच्या बाबांची गाठ आहे."

"नावाडी सगळे अशीच बांधत असतील."

"मुळीच नाही. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा कालव्याच्या दारात सापडून तुटला होता. गाठीचा पहिला फेरा त्यांना सरळ घेता यायचा, पण दुसऱ्याला अंगठा लागतो, म्हणून तो फेरा ते डाव्या हातानं उलटा घ्यायचे. डावखुरा माणूस दोन्ही उलटे घेईल. अर्धी सरळ, अर्धी उलटी फक्त बाबांची. आम्ही पोरं त्यांचं बघूनच शिकलो, चुकीसकट. काठावरचे नावाडी टिंगल करायचे." त्यांनी गाठ ओठांना लावली. "रूबेननं बांधलेली गं! साठ वर्षं टिकली बघ, हेस्टर. साठ वर्षं!"

हेस्टर मात्र त्या दोराकडे बघत होती. तो दोर व्हर्नानं शुक्रवारी दुकानातून आणला होता. ती गाठ शनिवारी रात्री बांधलेली होती. आणि ती बांधता येणारी माणसं जगात दोनच. एक समोर बसून रडत होती, आणि दुसऱ्याला मरून एकसष्ट वर्षं झाली होती.

५

"मला जरा कागद बघायचेत," म्हणून हेस्टर आतल्या खोलीत गेली. दार लावून तिनं आधी हात जोडले, मग कपाट उघडलं.

एकोणीसशे आठ सालच्या त्या तुकडीची यादी तिच्याकडे तीन वर्षं पडून होती. किती वेळा वाचली असेल! आज ती एकेका नावाखाली बोट धरून वाचू लागली. एकाच आगगाडीनं, एकाच डब्यातून गेलेली दोन पोरं, दोघंही आठ वर्षांची. रूबेन हॅम्बली, उत्तरेला रडिक शेतावर. आणि त्याखालीच एनॉक पेरिन, लॉर्न मिल्सला खोगीरवाल्याकडे.

घोड्याच्या पोटाखाली झोपणारा रूबेन रडिकांच्या तबेल्याच्या दारात रडत उभा राहतो. आणि लंडनच्या अनाथालयात वाढलेला एनॉक पहिल्या दिवसापासून घोड्याशी कानगोष्टी करतो! बहीण असलेला पोरगा म्हणतो, मला कुणी नाही. आणि ज्याला खरंच कुणी नाही, तो परक्या बाईच्या खोकल्याची चौकशी करतो. शिवाय ती पेन्सिल. व्हर्नानं पेन्सिलीचं कुणाला सांगितलं नव्हतं. ते शेवटचं पान उघडणाऱ्यालाच ठाऊक असणार.

पेटी नावानं गेली, चिठ्ठीमागं गेली. पोरांनी मात्र वाटेत चिठ्ठ्याच बदलल्या असणार. शेतकऱ्यांनी कोटावरचा कागद वाचला, चेहरा कुणी विचारला? आणि आपण तरी काय केलं? हेस्टरला स्वतःची लाज वाटली. आपणही कागदच वाचला, आणि या म्हातारीला आठशे मैलांवरून परक्या थडग्यापाशी आणून उभं केलं.

ती बाहेर आली. केझीबाई अजून गाठ चाचपत होत्या. एकदम काही सांगावं तर त्यांच्या काळजाला झेपेल का? हेस्टर त्यांच्यासमोर बसली, हात हातात घेतला.

"केझीबाई, शनिवारी तुम्ही म्हणालात, रूबेनला त्या शेतावर धाडण्यात ज्याचा हात होता त्याला क्षमा नाही. तो माणूस सापडला तर?"

म्हातारीचे डोळे कोरडे झाले. "जिवंत आहे?"

"आहे. इथंच आहे."

केझीबाईंनी काठी उचलली. "चल."

६

खोगीरवाल्याचं दुकान चार घरं टाकून होतं. आता घोडे राहिले नव्हते, पण चामड्याचा वास भिंतींत मुरला होता. एनॉक खिडकीपाशी बसला होता. दोघी आत आल्या तसा उठला, आणि पुन्हा बसला.

"एनॉक," हेस्टर हळूच म्हणाली, "शनिवारी रात्री दोर तू सोडलास. आणि चोराला शोभणार नाही इतका नीट परत बांधलास. माणूस मनाला लपवायला शिकवतो, हाताला शिकवायचं राहून जातं." मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. तबेला, घोडे, यादी, पेन्सिल. तो खिडकीबाहेर बघत राहिला. केझीबाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आई रात्री दिवा मालवताना काय म्हणायची?" त्यांनी एकदम विचारलं. पोलिसानं विचारावं तसं.

म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज आला तो एकाहत्तर वर्षांचा नव्हता. "पाय आत घ्या रे, मासे चावतील."

केझीबाईंच्या हातातली काठी खाली पडली.

"मी त्याला मारलं, केझी," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना, ज्याचा हात होता तो? तो मीच. आगगाडीत माझ्याशेजारी बसला होता. एनॉक पेरिन. त्याच्या कोटावर लॉर्न मिल्स होतं आणि माझ्यावर रडिक. मी रडत होतो. त्यानं विचारलं, का रडतोस? मी म्हटलं, माझी बहीण लॉर्न मिल्सला आहे. तर तो म्हणाला, मग तू घे माझी चिठ्ठी. मला काय, कुठंही गेलो तरी सारखंच, मला शोधत कुणी येणार नाही. आणि टाचणी काढून त्यानंच लावली माझ्या कोटाला. मी घेतली. नाही म्हटलं नाही मी! एकदासुद्धा नाही!"

"पण तेव्हा मी इथं नव्हते," केझीबाई पुटपुटल्या.

"आम्हा मुलग्यांना तीन आठवडे संस्थेच्या घरात ठेवलं होतं, मी पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी तू गेलीस. कुठं, ते कुणी सांगेना. संस्थेला पत्र टाकलं, माझी बहीण कुठं आहे? उत्तर आलं, प्रिय एनॉक, आमच्या नोंदीप्रमाणे तुला नातेवाईक नाहीत." त्यानं तोंड हातात लपवलं. "मग बातमी आली, रडिकांकडे रूबेन हॅम्बली वारला. दहा वर्षांचा होतो मी. वाटलं, सांगितलं तर फाशी देतील. पुढं बायको झाली, पोरी झाल्या, सगळ्यांना त्याचं नाव लागलं. आणि परवा ती पेटी समोर! माझीच पेटी, तो मेला त्या घरातून आलेली. बघायचं होतं मला, त्यानं त्यात मला काय शाप लिहून ठेवलाय. तुझ्यासमोर उघडायची छाती झाली नाही."

"लिहिलंय काही?" हेस्टरनं विचारलं.

त्यानं खण उघडून बायबल काढलं. चिकटलेली पानं त्यानं वाफ देऊन अलगद सोडवली होती. शेवटच्या कोऱ्या पानावर रेघांच्या ओळी होत्या, दर रविवारची एक, सत्तरेक रेघा. त्यांच्याखाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं,

'देवा, रूबेनला त्याची बहीण भेटू दे. मी बरा आहे.'

बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या.

मग केझीबाई उठल्या. भावाजवळ गेल्या, आणि त्याच्या डोक्यावरच्या चार पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "मी शनिवारी बोलले ते मोठ्या माणसांना. आठ वर्षांच्या पोराला कोण शाप देतं, वेड्या? त्याला तू धाडलं नाहीस. त्यानं तुला माझ्याकडे धाडलं. पोचायला त्रेसष्ट वर्षं लागली, त्यात त्याचा काय दोष?" त्यांचा आवाज चढला. "पण तू! इथं एका जागी बसून राहिलास? सारा देश पडला होता. शोधत फिरला का नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस," म्हातारा म्हणाला.

"मी?"

"लहानपणी नावेवरून उतरून मी हरवलो की म्हणायचीस. हरवलास तर जिथं असशील तिथंच थांब, रूबेन. हलू नकोस. मी येईन शोधत."

केझीबाईंनी तोंडाला पदराचं टोक लावावं तशी शाल लावली, आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं. हेस्टर पाय न वाजवता बाहेर गेली. रस्त्यावर उभं राहून तिनं काल घसरलेलं भजन पुन्हा धरलं. या वेळी सूर लागला.

७

मंगळवारी सकाळी पाथरवटानं छिन्नी हातात घेतली आणि दुसरंच नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, कागदावर हॅम्बली लिहिलंय."

"कागदाचं नाव काढू नकोस," केझीबाई म्हणाल्या. "मी सांगते ते कोर."

मुलींना फोन करायला रूबेनला दोन दिवस लागले. धाकटी रडली. थोरली म्हणाली, "बाबा, म्हणजे मला आत्या आहे?" गावात चूक व्हायची, लोक सवयीनं एनॉक म्हणून हाक मारायचे. तो थांबायचा, वळायचा आणि शांतपणे सांगायचा, "ते नाव माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं. आता ज्याचं त्याला परत केलंय." केझीबाईंनी परतीचं तिकीट मोडलं. चोरीबद्दल व्हर्नानं त्याला एकच शिक्षा केली, सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या एकट्यानं मांडायची, आणि ग्लेन रडिकनं न सांगता निम्म्या मांडल्या.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी ती सगळी मंडळी उत्तरेला त्या थडग्यापाशी गेली. बर्फ होतं. ग्लेननं फावड्यानं वाट केली. धर्मोपदेशक पुस्तक उघडून प्रार्थना करू लागले, पण हेस्टरनं मधेच गायला सुरुवात केली आणि बाकीचे तिच्यामागून. ज्या पोराच्या उशाला शेवटी कुणी नव्हतं, त्याच्याभोवती त्या दिवशी अकरा माणसं उभी राहून गात होती. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा गुडघ्यावर बसून त्याला सांगत होता, "भेटली रे. भेटली."

इथं गोष्ट थांबते. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. त्या पोराला मागं रडणारं कुणी नव्हतं, वंश नव्हता, साठ वर्षं स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. त्याच्याजवळ द्यायला एक चिठ्ठी होती, ती त्यानं दिली. आज सांजेला देवापुढं दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यात एक नाव आणखी घ्या. एनॉक पेरिन. वय वर्षं दहा. तेवढी आठवण ठेवा.